जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा कोबा

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कोणी गवताची काडीसुद्धा उचलत नाही. रात्रभर दशावतार बघायचा, पहाटे दहीकाला झाला की खाज्याची पुडी हातात घेऊन घरी यायचं आणि मिळेल तिथे अंग टाकायचं, हा शिरस्ता. राऊळांच्या किशोरीनं नेमका तोच दिवस कोब्यासाठी धरला. याला वेडेपणा म्हणा नाहीतर हुशारी. त्या दिवशी कट्टा गावच्या काँक्रीट-मिक्सरवाल्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, म्हणून तो मिक्सर निम्म्या भाड्यात देतो, आणि किशोरीला निम्मंच परवडत होतं. दुपारी जेवणवेळेपर्यंत मिक्सर परत पाहिजे, एवढी एकच अट.

मिक्सर जुन्या गोठ्याच्या जागेवर येऊन उभा राहिला तेव्हा अंगणात जेवढी माणसं होती तेवढ्या जांभया होत्या. शिवा गवंड्याचा घसा बसला होता. त्याचे दोन गडी फावड्यांना टेकून उभ्या उभ्या पेंगत होते. सत्यवान, किशोरीचा नवरा, पाण्याचं पिंप भरता भरता डुलकी घेत होता आणि पाणी पायावर सांडलं की दचकून जागा होत होता.

"झोपशीत तर पिंपात पडशीत," किशोरी म्हणाली.

"पडान तरी थंडगार झोप लागात," सत्यवान म्हणाला.

तिला हसू आलं नाही. तिचाही डोळा लागला नव्हता, आणि नाटक तर तिनं बघितलंही नव्हतं. ती देवळाच्या मागे बसून एकच विचार करत होती, की उद्या एकदाचा हा कोबा पडू दे. गेल्या आषाढात माडावरची नारळांची अख्खी पेंड तिच्या व्हॅनच्या टपावर कोसळली होती. वरून उंदरांनी वायरी खाल्ल्या. गाडी तीन आठवडे बंद. वाडीतली पोरं कट्ट्याच्या शाळेत पोचवायचं तिचं काम, त्यातली अर्धी पोरं तेवढ्यात दुसऱ्या गाडीत बसायला लागली. जी राहिली त्यांचे आईबाप तोंडावर सांगून गेले होते, 'पुढच्या पावसात पुन्हा असा झाला तर आमका दुसरी सोय बघूक होयी.' सत्यवानाच्या भातावर आणि काजूवर घर चालतं असं बाहेरच्या माणसांना वाटायचं. घर त्या व्हॅनवर चालत होतं.

म्हणून व्हॅनच्या शेडसाठी गोठा पाडला. गाई नव्हत्याच कधीच्या. त्याच्याच चिऱ्यांचे तुकडे करून नवरा-बायकोनं तळाला सोलिंग भरलं आणि रोज संध्याकाळी धुम्मस घेऊन ती जमीन ठोकून ठोकून घट्ट केली. गोठ्याची माती, वर्षानुवर्षं शेणमूत मुरलेली, खोल मऊ. शिवानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाडी उबी रवाची आसा तर पाच इंच. त्याच्या खाली गेलास तर तडो जातलो, मगे माका गाळी घालूच्यो नाय." दहा फूट रुंद, पाच इंच जाड, त्या मापाला कडेनं फळ्या ठोकलेल्या, तेवढ्याचंच सिमेंट, तेवढीच खडी. एक घमेलं इकडचं तिकडे करायला जागा नव्हती.

काम सुरू करायच्या आधी देवाला गाऱ्हाणं. ते घरातल्या थोरल्या पुरुषानं घालायचं. थोरला गुरुदास, सत्यवानाचा भाऊ, जत्रेसाठी डोंबिवलीहून बायकोला घेऊन आला होता. कचेरीतून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती, पण इस्त्रीचा शर्ट त्यानं सोडला नव्हता. नारळ हातात घेऊन तो पुढे झाला. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायला मागे उभे राहिले. जानकीआते, या दोघा भावांची आत्या, अंगणाच्या कडेला खुर्चीवर बसल्या जागी डोक्यावरून पदर घेऊन सरळ झाली.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा."

"आज तुझ्या लेकरांनी जा काय काम आरंभल्यानी आसा, ता सुखरूप पार पाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"कोणाची वाकडी नदर पडली आसात, कोणी वायट चिंतल्यान आसात, ता सगळा बाजूक कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

किशोरीचं लक्ष मिक्सरच्या चाकाखाली लावलेल्या दगडाकडे होतं. दगड निसटतोय की काय असं तिला वाटत होतं. तोंड आपलं चालू होतं.

"ही जागा दोनय भावांची. दोनय भावांच्यो गाडयो हंय गुण्यागोविंदान उब्यो रवांदेत, उद्या वयर दोन खोल्यो चढांदेत, आणि म्हातारपणात सगळी एका छपराखाली नांदांदेत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्यानं किशोरीच म्हणाली, कारण दगड निसटला नव्हता. नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातात आला, तो तिनं खाल्लासुद्धा.

मग गुरुदास शिवाला म्हणाला, "ती माडाकडची फळी पाच फूट भायर घी."

शिवा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "भायर? ती कित्या?"

"दोन गाडयो धा फुटात कश्यो मावतल्यो? आयकाक नाय तुया आता? गाऱ्हाण्यात सांगलंय मां."

"दुसरी गाडी खंय आसा?" किशोरीनं विचारलं.

"अनिशान बुक केल्यान हा. येतली. गावाक हाडल्यार ती काय रस्त्यार ठेवतलो?" अनिश म्हणजे गुरुदासचा मुलगा.

"दादा, सिमेंट धा फुटाचाच हाडलला आसा. एक पोता जास्त नाय."

"मगे वायच पातळ करा. पाचाच्या जाग्यार साडेतीन. कोण मापूक येता?"

"गाडी मापतली. चार म्हयन्यात मापतली."

गुरुदासला तिचं ते पटकन बोलणं आवडलं नाही. "हे बघ, जमीन सामायिक आसा. मी मोठो आसंय. आणि राखणदाराफुडे तुझ्याच तोंडान व्हय म्हटलंस."

किशोरीला आपला मोठ्यानं लागलेला आवाज आठवला. म्हटलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तिनं जानकीआतेकडे बघितलं. आते कधी तिच्या बाजूची, कधी नाही, पण अन्याय झाला तर बोलायची.

आते म्हणाली, "असा कसा गो न आयकता व्हय म्हणतंस? राखणदाराफुडे म्हटला म्हणजे म्हटला. आता फिरशीत तर बरा नाय. तुझ्या गाडयेत लोकांची पोरा बसतत."

"आते, गाऱ्हाण्यात काय येतला ता माका काय ठावक?"

"ठावक नाय तर कान दी. कान कित्या दिलेत देवान?"

राहिला सत्यवान. त्याच्याकडे बघायची किशोरीला भीती वाटत होती, आणि ती बरोबर होती. तो खाली वाकून खुंटा काढत होता. शिवाच्या एका गड्यानं फळीचं दुसरं टोक धरलं. फळी पाच फूट बाहेर गेली. त्या पाच फुटांत ना सोलिंग होतं ना धुम्मस फिरली होती, नुसती मऊ माती होती, तिच्यावर गडबडीनं उरलेसुरले चिऱ्याचे तुकडे फेकले गेले.

"आते म्हणता तर..." सत्यवान तिच्याकडे न बघता पुटपुटला.

"आते म्हणता, दादा म्हणता. तू केवा म्हणतलंस?" असं म्हणून ती आत गेली. उत्तराला थांबण्याएवढा दम तिच्यात नव्हता.

स्वयंपाकघरात सरलावहिनी चहा गाळत होत्या. त्या गुरुदासच्या बायको, माहेर कल्याणचं, लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही मालवणी बोलायच्या नाहीत, पण कळायचं सगळं. बाहेरचं सगळं त्यांनी खिडकीतून ऐकलं होतं. किशोरी ओट्याला पाठ लावून उभी राहिली आणि रडायलाच लागली. आवाज न करता, नुसते डोळे वाहत होते.

"किशोरी, बस जरा."

"बसलंय तर उठणंय नाय वयनी. आठ माणसांचा जेवाण आसा."

"भात मी लावलाय. कुळथाची पिठी मी करते. तू बस."

किशोरी पाटावर बसली. "म्हयनोभर धुम्मस मारलंय. हात बघा माझे. त्येंका काय, तोंडान सांगूक काय जाता? आणि माका देवाच्या नावान गप बसवतत. माझा पोट जळता वयनी, खरा सांगतंय. तुमचो घो आसा म्हणान तुमच्याफुडे बोलूक नको होया, पण जळता."

सरलावहिनींनी तिच्या हातात कप दिला.  त्यांना बोलायचं होतं ते इतकं साधं होतं की एका वाक्यात झालं असतं. अनिशनं कुठलीही गाडी बुक केली नव्हती. गाडीचं नाव त्यांनी इथे अंगणात पहिल्यांदा ऐकलं. अनिशनं केलं होतं ते वेगळंच. गणपतीनंतर एका रविवारी त्यानं बापाला जवळ बसवून, पाठीवर हात ठेवून, फार मायेनं सांगितलं होतं, "बाबा, गावची हवा किती छान आहे. तुम्ही दोघं तिकडेच का नाही राहत? बाळ झाल्यावर आम्हाला ती खोलीपण लागेल." एवढ्या मायेनं सांगितलं की रागावताही येईना. तेव्हापासून गुरुदास रोज रात्री कागदावर खोल्या काढत बसायचा. खाली गॅरेज, वर दोन खोल्या, पुढे गॅलरी. भावाला 'आम्हाला ठेवून घे' असं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं. वर स्वतःच्या खोल्या असल्या म्हणजे मालकासारखं येता येईल, पाठवून दिलेल्यासारखं नाही.

हे सगळं वहिनींना ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचा कंटाळा आला होता. नवऱ्याची कीव येत होती आणि कंटाळाही येत होता. आयुष्यभर त्यांनी या माणसाची ही असली वाकड्या वाटेनं मागायची तऱ्हा सांभाळली होती. मीठ हवं असलं तरी 'आज आमटी वेगळी लागतेय' म्हणणारा माणूस.

"चहा पी," एवढंच त्या म्हणाल्या. "थंड होईल."

बाहेर मिक्सर फिरायला लागला होता.

दहा वाजून गेले तेव्हा शिवा मागच्या कडेपासून निम्म्यापर्यंत आला होता. गडी घमेली टाकत होते, शिवा पट्टी ओढत होता, सत्यवान खडी-वाळू मोजून घालत होता. गुरुदास शर्टाच्या बाह्या दुमडून फळीपाशी उभा होता आणि मधून मधून "हंय वायच खाली दिसता" असं सांगत होता. त्याला बरं वाटत होतं. पुष्कळ दिवसांनी कोणी तरी त्याचं ऐकत होतं. कोबा डोळ्यांसमोर वाढत होता, राखाडी, ओला, रुंद. याच्यावर खांब उभे राहतील, त्याच्यावर खोल्या. कोब्यावर खोल्या चढत नाहीत, त्याला खाली पाया लागतो, हे शिवानं त्याला मघाशी सांगून बघितलं होतं. "ता मागीर बगूया," असं गुरुदास म्हणाला होता. आज त्याला फक्त जागा धरायची होती, दुपारच्या एस्टीत रुमाल टाकतात तशी.

शिवानं पट्टी खाली ठेवली आणि तो पोत्यांकडे गेला. परत आला तेव्हा त्यानं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं.

"सत्यवाना, हंय ये. घोटाळो झालो हा."

"काय झाला?"

"अर्धी जागा होवक नाय, नि सिमेंट अर्ध्याच्या खाली इला. ह्या भायरच्या पाच फुटात माती मऊ. घातलंय तितक्या खाली जाता. मी आपलो भरतंय नि भरतंय, माझा पण ध्यान नाय, रात्रीची झोप नाय मेली." त्यानं पुढच्या रिकाम्या भागाकडे हात केला. "ह्या हिशोबान फुडल्या बाजूक दोन इंच येतलो. दोन इंचार गाडी नाय, सायकल ठेवूक होयी."

"मगे कट्ट्याक जावन सिमेंट हाड," गुरुदास म्हणाला.

"जत्रेच्या दुसऱ्या दिवशी? खंयचा दुकान उघडा आसा?" शिवा म्हणाला. "नि मिक्सरात माल फिरता तो. तेका मी काय सांगू, वायच थांब म्हणान? अर्ध्या तासात धरतलो."

किशोरी दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. पदर खोचून ती सरळ कोब्याच्या कडेपर्यंत गेली.

"फळी आत घेवा."

"किशोरी..." सत्यवान म्हणाला.

"फळी आत घेवा. भायरचो माल फावड्यान ओढा नि फुडे घाला. अजून ओलो आसा. धा फुटात पाच इंच बसतलो. बसतलो मां रे शिवा?"

"आत्ता ओढलो तर बसतलो," शिवा म्हणाला. "मागसून नाय."

"फळी हलाची नाय," गुरुदास म्हणाला.  "गाऱ्हाणा झाला हा. आते, तू सांग."

आते बोलायच्या आधीच किशोरी बोलली. "आते, माझा चुकला. मी न आयकता व्हय म्हटलंय. सवयीन म्हटलंय, ल्हानपणापासून म्हणतंय तसा म्हटलंय. राखणदाराक राग येवंदे, तो माझ्यार येवंदे. मी कोंबो देतंय, नारळ देतंय, काय होया ता देतंय. पण हो कोबो फुटलो तर पुढच्या पावसात माझी गाडी रुततली, नि ती पोरा मी खंयसून हाडू? राखणदार पोचवतलो काय शाळेत?"

"तोंड सांबाळ गो!" आते म्हणाली.

"दमलंय आते. तोंड सांबाळूक पण ताकद लागता."

मिक्सर घरघरत होता. त्याच्या आवाजात सरलावहिनी पायऱ्या उतरून आल्या हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या हाताला कुळथाचं पीठ लागलेलं होतं.

"आतेबाई," त्या म्हणाल्या, "मी एक सांगते. अनिशनं गाडी बुक केलेली नाही."

"सरला!" गुरुदास म्हणाला.

"नाही केली. करणारही नाही. गाडी कोणाला नकोय आतेबाई, यांना राहायला जागा हवीय. अनिशनं आम्हाला गावी जा म्हणून सांगितलंय. ते यांच्या तोंडून निघेना, म्हणून देवाच्या तोंडी घातलं."

अंगणातली माणसं एकमेकांकडे बघेनात. शिवानं उगाच पट्टी उचलून पुसली. गुरुदास बायकोकडे असा बघत होता, जणू भर जत्रेत तिनं त्याच्या अंगावरचा शर्ट ओढून काढला होता.

जानकीआतेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सत्तरी उलटलेली बाई, सासरहून विधवा होऊन परत आली तेव्हा याच घरानं तिला ठेवून घेतलं होतं. मागायला काय लागतं ते तिच्याएवढं तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. तिला गुरुदासचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"गुरुदासा, हंय बघ माझ्याकडे," ती म्हणाली. "तुझो बापूस चाळीस वर्सा गाऱ्हाणी घाली. गावात कोणाचा लगीन आसू, बी पेरूची आसू. स्वतासाठी तेणी एक आखर मागूक नाय. गाऱ्हाणा घालणारो दुसऱ्यासाठी मागता. आपल्याक काय होया आसात तर दुसऱ्याक सांगूचा, तू माझ्यासाठी घाल म्हणान. तू आज आपल्या पोटातला मागलंस, नि आमच्या तोंडान व्हय म्हणवन घेतलंस. ता गाऱ्हाणा नाय रे बाबा. ता माझ्या लेखी घातलाच नाय."

"आते, तू पण?" गुरुदास म्हणाला.

"मी पण. आणि तू," ती किशोरीकडे वळली, "तुझा पण कमी नाय. उद्या राखणदाराक नारळ ठेव. तोंडाक आवर नाय तुझ्या."

"ठेवतंय आते."

"माल धरता हां," शिवा म्हणाला. "काय ता लवकर ठरवा."

ठरवायचं कोणी? आते आपलं बोलली होती. वहिनी बोलून मोकळ्या झाल्या होत्या. सत्यवान फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता. लहानपणी दादानं त्याला खांद्यावरून जत्रेला नेलं होतं. डोंबिवलीहून दर महिन्याला मनीऑर्डर आली होती, त्याच्यावर तो शिकला होता, जेवढा शिकला तेवढा. दादानं म्हणावं आणि त्यानं मान हलवावी, यात त्याचं आयुष्य गेलं, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. आता त्याला बायकोचे हात दिसत होते. धुम्मस मारताना तिच्या तळव्याला आलेला फोड फुटला तेव्हा तिनं त्याला हळद लावून कापड बांधलं होतं आणि पुन्हा धुम्मस उचलली होती. तो शेजारीच उभा होता.

त्यानं फावडं खाली टाकलं, चपला काढल्या आणि सरळ ओल्या मालात पाय घातला. पोटरीपर्यंत सिमेंट लागलं. वाकून त्यानं फळीचा खुंटा उपटला.

"सत्यवाना," गुरुदास म्हणाला.

"दादा, मी जल्मभर तुका व्हय म्हणत इलंय. तुका नाय म्हणूक माका येणा नाय. म्हणान काय बोलणंय नाय. फळी सरकवतंय."

फळी जड होती, आतल्या बाजूनं मालानं धरलेली. एकट्याला हलेना. शिवाच्या गड्यांपैकी कोणी पुढे व्हायच्या आत किशोरीनं साडी वर खोचली आणि ती आत उतरली. नवरा-बायकोनं दोन टोकं धरली आणि हासडून ती फळी पाच फूट आत आणून टाकली. मग फावडी. बाहेरचा माल ओढायचा, आत घालायचा, पुढे लोटायचा. मातीत मिसळला तो वाया गेला, त्याला इलाज नव्हता. शिवा ओरडत होता, "माती नको, माती नको, वयरवयरचो घेवा." सरलावहिनीही घमेलं घेऊन लागल्या. आते खुर्चीवरून सगळ्यांना नावं ठेवत होती, कोण वाकडा ओढतो, कोण सांडतो, आणि त्यामुळे काम जरा लवकर झालं.

गुरुदास माडाच्या बुंध्याशी उभा होता. मग तो तिथे नव्हता. विहिरीकडे गेला की घरात गेला हे बघायला कोणाला सवड नव्हती.

शेवटचा माल पुढच्या कडेला पडला तेव्हा पोती संपली होती. शिवानं लोखंडी सळी आत खुपसून बघितली, एकदा मध्ये, एकदा कोपऱ्यात. "पाच आसा," तो म्हणाला. "हंय फुडे पावणेपाच येयत. पण जायत. पाणी मात्र धा-बारा दीस मारूक होया. सकाळ-संध्याकाळ. सुकवशात तर सगळी मेहनत फुकट."

"मारतंय," किशोरी म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला फक्त तिथेच, त्या चिखलात, बसावंसं वाटत होतं.

मिक्सर गेला. शिवा आणि गडी पिठी-भात जेवून, आणखी एकदा पाण्याची आठवण करून, गेले. माडाच्या बाजूला पाच फुटांची पट्टी तशीच राहिली होती, सिमेंटचे गोळे नि चिऱ्याचे तुकडे मिसळलेली.

घरची माणसं जेवायला बसली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गुरुदास आला. विहिरीवर आंघोळ करून आला होता, केस ओले होते, अंगावर इस्त्रीचा शर्ट नव्हता, सत्यवानाचं जुनं बनियन होतं. कोणाशी न बोलता पाटावर बसला. किशोरीनं भात वाढला, त्यावर पिठी घातली, सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला. त्यानं पहिला घास घेतला.

"आज रातच्या गाडयेन जावया," तो बायकोला म्हणाला.

"तुम्ही जा," सरलावहिनी म्हणाल्या. "मी थांबते. किशोरी सकाळी पोरं घेऊन जाणार, कोब्याला पाणी कोण मारणार?" आणि मग हळू, "तिकडे जाऊन तरी काय करायचंय हो आपल्याला?"

गुरुदासनं हात थांबवला. सत्यवान ताटात बघत होता. 

"किशोरी," गुरुदास म्हणाला.

ती पळी हातात धरून उभी होती. "काय होया दादा? आमटी?"

"नाय. आमटी नको."  एवढ्या वर्षांत त्यानं या बाईला काही मागितलं नव्हतं, सांगितलं होतं. "आमी दोगा हंय रवाक इलो... कायमची... तर तुका चलात?"

घर त्याच्या बापानं बांधलेलं. सातबाऱ्यावर त्याचं नाव धाकट्याच्या आधी. किशोरीला कळेना की हा माणूस थट्टा करतोय का. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"दादा, घर तुमचा आसा. माका कित्या इचारतास?"

"हंय तू रवतंस म्हणान," तो म्हणाला.

किशोरीच्या मनात एका क्षणात नको त्या सगळ्या गोष्टी येऊन गेल्या. आणखी दोन माणसांचं जेवण. दादाची साखरेची गोळी, वेळेवर चहा, प्रत्येक गोष्टीत सांगणं. आते आणि दादा एका बाजूला झाले की ती एकटी. सकाळचा राग अजून गेला नव्हता, आणि तो आज जाणारही नव्हता. सरलावहिनी तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या मुद्दाम भिंतीकडे बघत होत्या, तिला नाही म्हणता यावं म्हणून.

तिनं पळी भांड्यात ठेवली.

"मागल्या खोलयेत यंदाच्या भाताची पोती आसत," ती म्हणाली. "ती काढूक होयी. माझ्यान नि ह्येंच्यान उचलणत नाय."

"मी धरतंय एका बाजून," गुरुदास म्हणाला, आणि डोळे पुसायला त्यानं उष्टा हात वर नेला तेव्हा सत्यवाननं तो मनगटाशी धरला आणि खाली ताटावर परत ठेवला.